रोग्याची साक्ष

१९७०च्या दशकाच्या अखेरीस बोस्टनमध्ये स्टीफन हाउझर नावाचे एक तरुण डॉक्टर मेंदूविकारांचं शिक्षण घेत होते. त्या दिवसांत त्यांच्याकडे एक तरुणी आली. व्यवसायाने वकील, ऐन उमेदीतली. बघता बघता तिचं बोलणं गेलं, घास गिळता येईना, श्वासालाही आधार लागू लागला. बुद्धी मात्र शाबूत होती. आपलं काय चाललंय हे तिला सगळं कळत होतं. निदान झालं मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे ज्याला पेशंट आणि डॉक्टर दोघेही नुसतं ‘एम.एस.’ म्हणतात. हाउझर यांनी पुढे अनेकदा सांगितलं आहे की वैद्यकात एवढा अन्याय त्यांनी पाहिला नव्हता. याच आजारावर जन्मभर काम करायचं, हे त्यांनी तिच्यामुळे ठरवलं.

ठरवणं सोपं होतं, करण्यासारखं फारसं काही नव्हतं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयातल्या शार्को या फ्रेंच डॉक्टरांनी १८६८मध्ये या आजाराचं नीट वर्णन केलं, त्याला शंभर वर्षं उलटून गेली होती. तरीही उपचार म्हणजे स्टेरॉइडचा कोर्स आणि नातेवाइकांना धीर. हा आजार येतो बहुधा विशी ते चाळिशीत आणि पुरुषांपेक्षा बायकांना कितीतरी जास्त. सुरुवात साधी असते. एका डोळ्याला धूसर दिसतं, पायाला मुंग्या येतात, चालताना तोल जातो. आठ-पंधरा दिवसांत बरं वाटतं, घरचे म्हणतात अशक्तपणा असेल. काही महिन्यांनी पुन्हा अटॅक येतो, या वेळी दुसरीकडेच. असं होत होत वर्षांमागून वर्षं जातात आणि एक दिवस जिना चढायला कुणाचा तरी हात धरावा लागतो.

आत काय होतं, तर विजेच्या वायरीवर जसं रबरी आवरण असतं तसं मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं आणि शरीराची प्रतिकारशक्ती, जिने बाहेरच्या जंतूंशी लढायचं, ती याच आवरणावर तुटून पडते. आवरण गेलं की संदेश अडखळतात, पुढे तंतूच मरतात.

घरचाच पहारेकरी घरावर का उलटतो? हाउझर यांनी या प्रश्नासाठी मेंदूविज्ञानाच्या जोडीला प्रतिकारशास्त्र शिकायला घेतलं, हार्वर्डमध्ये आणि पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. १९८३मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी सायक्लोफॉस्फमाइड हे कॅन्सरचं जहाल औषध बळावत्या एम.एस.साठी वापरून पाहिलं. सगळी प्रतिकारशक्ती सरसकट झोडपून काढणारा हा उपाय. केस गळायचे, उलट्या व्हायच्या. पण काही रुग्णांची घसरण काही काळ थांबली. इतकं कळलं की शत्रू प्रतिकारशक्तीतच लपला आहे. नेमका कोण, हे कळायचं बाकी होतं.

आणि इथे पुस्तकांनी उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं. दोषी म्हणजे टी-पेशी. प्रयोगशाळेतल्या उंदरांना मायलिनमधली प्रथिनं टोचली की त्यांना एम.एस.सारखा आजार होतो. आजारी उंदराच्या टी-पेशी काढून निरोगी उंदरात सोडल्या की तोही लुळा पडतो. इतका स्वच्छ पुरावा असताना वाद कशाला? जगभरच्या प्रयोगशाळा उंदीर आणि टी-पेशी घेऊन कामाला लागल्या होत्या. अनुदानं त्यासाठी, परिषदा त्यावर, नावलौकिकही त्यातच.

प्रतिकारशक्तीत आणखी एक जात असते, बी-पेशींची. यांच्या वंशातल्या पेशी अँटिबॉडी बनवतात. एम.एस.च्या गोष्टीत त्यांना फार तर किरकोळ भूमिका दिली गेली होती. खरं म्हणजे त्यांची खूण डॉक्टर रोज पाहत होते. पेशंटच्या पाठीतून पाणी काढायचं, ते जेलवर धावू द्यायचं, आणि त्यात अँटिबॉडीच्या बारीक समांतर रेघा उमटल्या की एम.एस.च्या निदानाला बळकटी येते. या पाण्यात अँटिबॉडी वाढलेल्या असतात, हे न्यूयॉर्कमध्ये एल्विन काबाट यांनी १९४०च्या दशकातच दाखवलं होतं. म्हणजे जवळजवळ प्रत्येक रोग्याच्या मणक्यातलं पाणी तीच एक साक्ष देत होतं आणि ती साक्ष फक्त निदानापुरती वापरून बाजूला ठेवली जात होती. आजारामुळे उठलेला धुरळा आहे तो, आजाराचं कारण नव्हे, असं म्हणून.

मला वाटतं, विज्ञानातल्या बहुतेक चुका अशाच होतात. कुणी खोटं बोलत नाही, कुणी आळशीही नसतं. उंदराचा पुरावा इतका देखणा असतो की माणसाचा पुरावा त्यापुढे ओबडधोबड दिसतो.

हाउझर यांना उंदीर खटकत होता. सूक्ष्मदर्शकाखाली उंदराच्या मेंदूत सूज दिसायची, पेशींची गर्दी दिसायची. पण माणसाच्या मेंदूत मायलिन जसं मोठमोठ्या चकत्यांनी उखडलं जातं, तसं तिथे दिसत नव्हतं. मग माणसाला जवळचा प्राणी हवा. त्यांनी आणि लुका मासाचेसी, क्लॉड जेनॅन या सहकाऱ्यांनी निवडला मार्मोसेट. ब्राझीलच्या रानातलं हे माकड, वजन जेमतेम तीन-चारशे ग्रॅम, कानांवर पांढऱ्या केसांचे झुबके. या निवडीमागे एक सुंदर कारण होतं. मार्मोसेटला बहुधा जुळीच होतात आणि ती आईच्या पोटात असतानाच एकमेकांचं रक्त वाटून घेतात. त्यामुळे एका भावंडाच्या रक्तपेशी दुसऱ्याला दिल्या तरी त्याचं शरीर त्यांना परकं मानत नाही. म्हणजे पेशी एकातून दुसऱ्यात सोडायच्या आणि काय होतं ते बघायचं, हा उंदरांवर चालणारा प्रयोग माणसाच्या इतक्या जवळच्या प्राण्यावर करता येणार होता.

तो केला. मायलिनविरुद्ध चिडलेल्या टी-पेशी सोडल्या, तेव्हा मेंदूत सूज आली, पण मायलिन बऱ्यापैकी जागेवर राहिलं. मग त्याच्या जोडीला मायलिनच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाविरुद्धच्या अँटिबॉडी दिल्या आणि आवरण उखडलं, माणसात उखडतं तसंच. १९९५मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. हाउझर एव्हाना, १९९२पासून, सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात न्यूरॉलॉजी विभागाचे प्रमुख झाले होते. १९९९मध्ये या गटाने आणखी पुढचं पाऊल टाकलं. एम.एस. झालेल्या माणसांच्या मेंदूत, विस्कटत चाललेल्या मायलिनलाच चिकटलेल्या अँटिबॉडी त्यांनी दाखवल्या. आता बी-पेशींना धुरळा म्हणून सोडून देणं अवघड होतं.

याच सुमाराला बाजारात एक औषध आलं होतं. रिटुक्सिमॅब. १९९७मध्ये अमेरिकेत ते लिम्फोमा या कॅन्सरसाठी मंजूर झालं. बी-पेशींच्या अंगावर सीडी-२० नावाचं एक प्रथिन असतं. हे औषध नेमकं त्यालाच जाऊन चिकटतं आणि त्या पेशी रक्तातून जवळजवळ नाहीशा होतात. टी-पेशींना फारसा हात लावत नाही. हाउझर यांना हवी होती ती हीच परीक्षा. बी-पेशी काढून टाका आणि पाहा, रोगी सुधारतो का.

सरकारी अनुदानासाठी अर्ज गेला आणि परत आला. परीक्षकांचा शेरा असा, की ही कल्पना जैविकदृष्ट्या पटण्याजोगी नाही. टी-पेशींच्या आजारावर बी-पेशींचं औषध कशाला?

असा शेरा हातात पडला की माणसं दोनपैकी एक गोष्ट करतात. काही जण मुकाट्याने प्रश्न बदलतात आणि टी-पेशींवरचा अर्ज लिहायला घेतात, कारण प्रयोगशाळेतल्या पोरांचे पगार भागवायचे असतात. काही जण चिडून, सगळं जग मूर्ख आहे असं म्हणत कोपऱ्यात जाऊन बसतात. हाउझर शहराच्या दक्षिणेला असलेल्या जेनेनटेक कंपनीकडे गेले. औषध त्या कंपनीचं होतं. फार मोठ्या आशेने नव्हे, पण एक छोटी चाचणी करायला कंपनी तयार झाली. रुग्ण १०४. त्यांतल्या ६९ जणांना रिटुक्सिमॅबची ड्रिप, ३५ जणांना औषध नसलेली ड्रिप. दोन आठवड्यांच्या अंतराने दोनच डोस. कुणाला काय मिळालं, हे पेशंटलाही माहीत नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. मग ४८ आठवडे वाट पाहायची.

मोजायचं काय, तर एमआरआयवरचे ठिपके. शिरेतून गॅडोलिनियम देऊन फोटो काढला की मेंदूत जिथे आत्ता, या घडीला हल्ला चालू आहे, तो भाग पांढरा चमकतो. प्रत्येक चमकणारा ठिपका म्हणजे एक ताजी जखम. रेडिऑलॉजिस्ट मेंदूची एकेक चकती पुढे सरकवत ते मोजत जातो. ज्यांना औषध मिळालं नव्हतं त्यांच्यात १२ ते २४ आठवड्यांच्या फोटोंत मिळून सरासरी ५.५ ठिपके निघाले. ज्यांना मिळालं होतं त्यांच्यात ०.५. म्हणजे ९१ टक्के घट. २४ आठवड्यांत अटॅक आला तो औषधाविना राहिलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना, औषध घेतलेल्यांपैकी १४.५ टक्क्यांना. फेब्रुवारी २००८मध्ये हे ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आलं आणि एम.एस.च्या जगात खळबळ उडाली. तोवरची इंटरफेरॉनची इंजेक्शनं, जी १९९३पासून मिळत होती, अटॅक साधारण एक तृतीयांशाने कमी करत.

गोष्ट इथे संपली असती तर ती चिकाटीची गोष्ट झाली असती. चिकाटीच्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत. मला यातला मोठा प्रसंग वाटतो तो याच्या पुढचा.

आकडे आनंदाचे होते, पण त्यांत एक अडचण होती. परिणाम फार लवकर दिसला. हाउझर यांचा सिद्धान्त असा होता की बी-पेशींतून अँटिबॉडी बनतात आणि अँटिबॉडी मायलिन उखडतात. पण अँटिबॉडी बनवण्याचं खरं काम करतात त्या प्लाझ्मा पेशी आणि त्यांच्या अंगावर सीडी-२० नसतं. रिटुक्सिमॅब त्यांना हात लावत नाही. काही आठवड्यांत ठिपके थांबले तेव्हा रक्तातल्या अँटिबॉडी होत्या तशाच होत्या. मणक्यातल्या पाण्यातल्या त्या रेघाही तशाच. म्हणजे ज्या तर्काच्या जोरावर माकडांपासून इथवर मजल मारली, त्या तर्काने हा निकाल समजावून सांगता येत नव्हता. औषध लागू पडलं होतं आणि लागू पडण्याचं कारण ते नव्हतं.

अशा वेळी गप्प बसणं किती सोपं असतं! यश हातात आहे, टाळ्या वाजत आहेत, नकार देणारे परीक्षक चूक ठरले आहेत. आपलाही अंदाज निम्मा चुकला, हे सांगायची सक्ती कुणाची नसते. हाउझर यांनी ते जाहीरपणे सांगितलं, आजही सांगतात. त्यांच्या आणि इतरांच्या कामातून पुढे जे चित्र उभं राहिलं, त्यात बी-पेशी स्वतः हल्ल्याच्या सूत्रधार निघाल्या. मायलिनचा तुकडा टी-पेशींपुढे धरून त्यांना चिथावणं, चिथावणारी रसायनं सोडणं, ही त्यांची कामं. म्हणजे टी-पेशींची बाजू घेणारेही सर्वस्वी चुकले नव्हते. त्यांना जे दिसत होतं ते खरंच घडत होतं, फक्त त्याच्या मागे कोण उभं आहे हे दिसत नव्हतं.

अँटिबॉडीचा जुना तर्क धरून बसणं किती महागात पडलं असतं, हे दुसऱ्या एका औषधाने दाखवून दिलं. अटॅसिसेप्ट हे औषध बी-पेशींच्या वंशावर दुसऱ्या बाजूने घाव घालतं आणि अँटिबॉडी कमी करतं. कागदावर ते एम.एस.साठी चांगलंच ठरायला हवं होतं. चाचणीत अटॅक वाढले आणि ती थांबवावी लागली. रिटुक्सिमॅबलाही सगळं जमलं नाही. एम.एस.चा जो प्रकार अटॅक न येता पहिल्यापासून संथपणे बळावत जातो, त्यावरची त्याची मोठी चाचणी अपयशी ठरल्याचं २००९मध्ये प्रसिद्ध झालं. पण त्या आकड्यांतही ज्यांनी नीट पाहिलं त्यांना दिसलं की वयाने तरुण आणि एमआरआयवर ताज्या जखमा असलेल्यांना काहीसा फायदा झाला होता. पुढची चाचणी आखताना हे ध्यानात ठेवलं गेलं.

जेनेनटेकने एव्हाना रिटुक्सिमॅब बाजूला ठेवून त्याच वाटेने जाणारं ओक्रेलिझुमॅब हे नवं औषध पुढे आणलं होतं. अटॅकच्या प्रकारावरच्या दोन मोठ्या चाचण्यांत मिळून साडेसोळाशेहून अधिक रुग्ण होते आणि इंटरफेरॉनच्या तुलनेत अटॅक आणखी निम्म्याच्या आसपास घटले. संथ प्रकारात ७३२ रुग्णांच्या चाचणीत अपंगत्व वाढण्याचा धोका २४ टक्क्यांनी कमी झाला. २४ टक्के म्हणजे फार नव्हे. पण त्या रुग्णांसाठी तोवर काहीच नव्हतं. २८ मार्च २०१७ रोजी अमेरिकेत ओक्रेलिझुमॅबला मंजुरी मिळाली आणि संथ प्रकारावरचं ते पहिलंवहिलं मान्य औषध ठरलं. या औषधांना किंमतही आहे. बी-पेशी नसल्या की जंतुसंसर्ग लवकर होतो, लशी नीट लागत नाहीत. कोविडच्या काळात या रुग्णांनी ते फार सोसलं.

आपल्याकडे मेडिकलच्या मुलांना हाउझर हे नाव परकं नाही. ज्या जाडजूड ‘हॅरिसन’वर त्यांचा मेडिसिनचा अभ्यास होतो, त्याच्या संपादकांत ते आहेत. एम.एस. मात्र आपल्याकडे बराच काळ ‘गोऱ्यांचा आजार’ मानला जायचा. मुंबईच्या डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात पारशी समाजाची पाहणी करून दाखवलं की तिथे हा आजार चांगलाच आहे. आता एमआरआय जागोजागी झाल्यावर इतर समाजांतही तो दिसू लागला आहे. तिथेही आधी पुस्तकाने नाही म्हटलं होतं आणि मग कुणीतरी रुग्णांकडे बघायला गेलं.

ओक्रेलिझुमॅबची किंमत आपल्या बहुतेक घरांना झेपण्यासारखी नाही. रिटुक्सिमॅब झेपतं, कारण हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७मध्ये त्याची भारतीय आवृत्ती बाजारात आणली आणि पाठोपाठ इतर आल्या. एम.एस.साठी त्याची अधिकृत मंजुरी कुणी घेतलीच नाही, कारण त्यात कुणाचा धंदा उरला नव्हता. तरीही इथले न्यूरॉलॉजिस्ट सर्रास ते देतात. पेशंट सकाळी येतात, आधी अ‍ॅलर्जीचं इंजेक्शन आणि स्टेरॉइड, मग चार-पाच तासांची ड्रिप आणि संध्याकाळी घरी. पुढची बहुधा सहा महिन्यांनी. २०२३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एम.एस.ची औषधं पहिल्यांदाच अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली तेव्हा त्या तीन औषधांत रिटुक्सिमॅब होतं. ‘पटण्याजोगं नाही’ म्हणून परत आलेल्या त्या अर्जातलं तेच औषध.

एप्रिल २०२५मध्ये हाउझर यांना ब्रेकथ्रू पारितोषिक मिळालं, अल्बर्टो अ‍ॅशेरिओ यांच्यासोबत. अ‍ॅशेरिओ यांनी अमेरिकी लष्करातल्या एक कोटीहून अधिक जणांच्या नोंदी आणि साठवून ठेवलेल्या रक्ताच्या आधारे २०२२मध्ये दाखवलं की एपस्टाइन-बार विषाणूची लागण झाल्यावर एम.एस.चा धोका ३२ पट वाढतो. हा विषाणू शरीरात दबा धरून राहतो तो बी-पेशींत. वेगवेगळ्या दिशांनी निघालेली दोन कामं एकाच पेशीपाशी येऊन भेटली.

पण याच्या आधी, २०१९मध्ये, हाउझर यांच्या गटाने आणखी एक निबंध छापला होता, त्याकडे मला लक्ष वेधायचं आहे. सॅन फ्रान्सिस्कोत त्यांनी २००४पासून पाचशेहून अधिक रुग्णांची नोंद ठेवली होती. दरवर्षी बोलवायचं आणि तपासायचं. २५ फूट चालायला किती सेकंद लागतात, छोट्या फळीवरच्या नऊ भोकांत नऊ खुंट्या घालून काढायला किती. घड्याळ लावून, वर्षानुवर्षं तेच. त्यातून दिसलं ते त्यांच्याच यशाला अडचणीचं होतं. ज्यांना एकही अटॅक आला नाही अशा रुग्णांचेही सेकंद हळूहळू वाढत होते आणि त्यांच्या मेंदूचं आकारमान घटत होतं. अटॅक थांबवले म्हणजे आजार थांबला, असं सगळे धरून चालले होते. तसं नव्हतं. त्यांनी ते तसंच लिहिलं.

तेव्हापासून शोध चालू आहे तो मेंदूच्या आत मुरलेल्या त्या धुमसण्याचा. ड्रिपमधल्या अँटिबॉडी औषधांचा जेमतेम अंश मेंदूत शिरतो, म्हणून तिथवर पोहोचतील अशा गोळ्या तपासल्या जात आहेत. त्यांपैकी टोलेब्रुटिनिब या गोळीने, ज्यांचे अटॅक थांबूनही आजार बळावत होता अशा रुग्णांत, अपंगत्वाचा धोका ३१ टक्क्यांनी कमी केल्याचं २०२५मध्ये प्रसिद्ध झालं. काही जणांच्या यकृताला तिने इजाही केली. सेकंद मोजायचं काम सॅन फ्रान्सिस्कोत अजून चालू आहे.